हजेरीत मुली शेवटी

आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात एका बाईकडून मी टिकल्यांची चाळीस पाकिटं एकदम घेतली. लाल, पिवळी, हिरवी. पाकिटं मोजता मोजता तिने विचारलं, "एवढ्या लेकी हायत व्हय बाई तुमाला?" मी म्हटलं, "तीनशे. त्यात मुलगेपण आहेत." ती हसली नाही. मीही घाईत होते.

माझं काम असं होतं : जिल्हा परिषदेच्या अकरा शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना इंग्रजी किती वाचता येतं याची दर दोन महिन्यांनी नोंद करायची, आणि मागे पडलेल्यांना पुढे आणायचं. माझ्या आधी जे होते त्यांच्याकडे एकाही शाळेची पूर्ण यादी नव्हती. माझ्याकडे तिसऱ्या महिन्यात अकराही शाळांच्या होत्या. याद्या मला लहानपणापासून जमतात. घरी पिठाच्या डब्यावरसुद्धा तारीख असते, आणि नवरा म्हणतो की एक दिवस त्याच्याही कपाळाला चिठ्ठी लागेल.

प्रत्येक वर्गात मी एक तक्ता लावला. हजेरी क्रमांकापुढे टिकली. अक्षरंच ओळखता येत नसतील तर लाल, सुटे शब्द येत असतील तर पिवळी, परिच्छेद वाचता आला तर हिरवी. टिकलीचा फायदा असा की ती गोल असते, मागे गोंद असतो आणि काढून दुसरी लावता येते. लाल टिकलीवाल्यांना दुपारच्या सुटीत जादा तास. त्यांची खिचडी झाकून ठेवायची, तास झाल्यावर त्यांनी खायची. हिरवी मिळाली की जादा तासातून नाव कमी. जागा थोडी, शिक्षक एक. ज्याला येतं त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, हा माझा नियम होता.

महिन्याभरात लाल, पिवळा, हिरवा ही मुलांची नावं झाली. "ए लाल्या, चेंडू आण." "लाल्याच्या घरात समदे लाल." सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत मी एका पोराला दुसऱ्याच्या पाठीवर लाल खडूने गोल काढताना पकडलं. त्याला वर्गाबाहेर उभं केलं. तक्ता काढावा असं माझ्या मनात आलं नाही.

आता त्याच शाळेबद्दल लिहायचं आहे. तांडा मोठा, शाळा सातवीपर्यंत. मुलं घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायची, शाळेत मराठी शिकायची, आणि त्यावर आमचं इंग्रजी. माझ्या यादीत 'घरची भाषा' असा रकाना होता. त्यात मी सगळ्या शाळांना मिळून एकच शब्द लिहिला होता, मराठी. तसं लिहिलं की पान नीट दिसायचं.

चाचणीची माझी पद्धत पक्की होती. व्हरांड्यात टेबल. हजेरीच्या क्रमाने रांग. हजेरीत आधी मुलं, मग मुली. तशीच ती सगळीकडे असते. त्या वर्गात एकोणीस मुलं आणि बारा मुली. एकेकाने पुढे यायचं, मी पर्समधून कार्ड काढून त्याच्या हातात द्यायचं आणि घड्याळ लावायचं. एक मिनिट. कार्डावर सात ओळी होत्या, आजीकडच्या गायीबद्दल. माय ग्रँडमदर हॅज अ काउ. द काउ इज ब्लॅक अँड व्हाइट. हे कार्ड मी शाळेत कधी ठेवलं नाही, कुठल्या शिक्षकाला दाखवलंही नाही. हाती लागलं तर तेवढंच शिकवत बसतील. या खबरदारीचा मला अभिमान होता.

मुलींमध्ये शेवटून दुसरी एक होती. काटक, केस तेलाने चापून बसवलेले, आवाज खणखणीत. सहावीत जूनमध्ये तिला लाल टिकली होती. ऑगस्टमध्येही लाल. जादा तासाला ती रोज असायची आणि झाकलेली खिचडी गार झाल्यावर खायची. ऑक्टोबरमध्ये तिने कार्ड हातात धरलं, शब्दांखालून बोट फिरवलं आणि सातही ओळी न अडखळता म्हटल्या. लालवरून थेट हिरवी. मधली पिवळी नाहीच. मी शेरा लिहिला, 'उल्लेखनीय प्रगती.' जादा तासातून तिचं नाव कमी केलं.

त्या ऑक्टोबरमध्ये तिच्या बापाने घरात काय सांगितलं होतं, ते मला पुढच्या वर्षी कळलं. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, पार होळीपर्यंत. दरवर्षी ही पोरगी बरोबर जायची. त्या वर्षी बाप म्हणाला होता, इंग्रजी आलं असलं तर राहा आजीपाशी, न्हाई तर चल. ती राहिली. पुढच्या सगळ्या चाचण्यांत हिरवी.

एकूणच माझ्या अकराही शाळांत मुली पुढे होत्या. ठळक पुढे. मी त्याचा वेगळा तक्ता केला, 'मुलींची आघाडी' असं शीर्षक दिलं. तालुक्याच्या बैठकीत तो पडद्यावर दाखवला गेला, आणि मला शाल मिळाली. साहेब म्हणाले, बघा, बाई असली की मुली शिकतात. मी तो तक्ता घरी फाइलला लावला.

ती सातवीत गेली. गणपतीनंतर तिच्या आईला मुलगा झाला.

दसरा झाला तेव्हा शाळेतल्या सरांनी फोन केला. "मॅडम, तुमची हिरवी चालली. बाप म्हणून राहिला, या साली घेऊनच जातो." मी दुसऱ्याच दिवशी स्कूटीवर तांड्यात गेले. सर त्यांच्या मोटारसायकलवर पुढे.

बाप दारात बाज विणत बसला होता. आई आत. पोरगी बाळाला कडेवर घेऊन उभी होती आणि आमच्याकडे बघतच नव्हती.

"तुमची ती टिकली बराबर हाय, मॅडम," बाप म्हणाला. "पण टिकलीनं लेकरू सांभाळलं जात न्हाई. हिच्या याडीच्या अंगावर पितं पोरगं. तिनं मोळ्या बांधायच्या का लेकरू धरायचं?"

"पोरगी हुशार आहे. सातवी पूर्ण करू द्या. पुढे आठवीला पुसेगावला पाठवता येईल."

"हुशार हाय तर मागच्या साली ठिवली ना. आमी काय दुश्मन हाव का?" त्याने सुंभ ओढून गाठ मारली. "खरंच वाचती का पण? का तुमचं कागदावर?"

हे मला लागलं. माझी यादी कागदावरची नव्हती. मी म्हटलं, "शनिवारी शाळेत पालकांना बोलावते. सगळ्यांसमोर वाचेल."

"सगळ्यांसमोर वाचली तर ठिवतो. बोललो म्हंजी बोललो. न्हाई वाचली तर तुमी परत हितं यायचं न्हाई."

"मंजूर," मी म्हटलं. पोरीला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी स्कूटी सुरू करत होते तेव्हा ती बाळासकट मागे आली. "मॅडम, कार्ड त्येच राहील ना?"

"कार्ड कोणतं का असेना. वाचता येतं ना तुला?"

ती म्हणाली, "व्हय." आणि तिथेच उभी राहिली.

शुक्रवारी मी पिशवी भरताना जुनं कार्ड पाहिलं. दोन वर्षं वापरून त्याचं प्लॅस्टिक कोपऱ्यांना सुटलं होतं, मधल्या दोन ओळींवर घामाचे डाग होते. पालकांसमोर असलं कार्ड नको. मी नवं टाइप केलं. तेवढ्याच ओळी, तेवढेच सोपे शब्द, फक्त मजकूर नवा : एक बस उशिरा येते आणि लोक झाडाखाली थांबतात. ते प्लॅस्टिकमध्ये पक्कं करून घेतलं आणि जुनं फेकून दिलं.

शनिवारी माणसं चांगली जमली. बायका ओट्यावर, पुरुष भिंतीला टेकून. सरांनी चहा सांगितला होता. मी दोन मिनिटं बोलले. मुलांना मागे ठेवून जा, आजी नसेल तर शाळेत सोय करू, जेवण मिळेल, अभ्यास बुडणार नाही. मग तिला पुढे बोलावलं. रांग लावली नाही. तिचं वाचन सर्वांत चांगलं म्हणून तिला पहिलीच घेतलं.

तिने कार्ड घेतलं. बघितलं. मग सरांकडे बघितलं. सर खाली बघत होते.

मग तिने बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. माय ग्रँडमदर हॅज अ काउ.

बोट बरोबर डावीकडून उजवीकडे जात होतं. ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. स्वल्पविरामापाशी ती थांबत होती, जिथे नव्या कार्डात स्वल्पविराम नव्हताच. काळी-पांढरी गाय, गवत, दूध. बायका माना डोलवत होत्या. भिंतीपाशी तिचा बाप दोन्ही हात मागे बांधून उभा होता आणि त्याच्या शेजारचा त्याला कोपराने ढोसत होता, ऐक, ऐक. त्या आवारात इंग्रजी येणारी माणसं दोन होती, मी आणि सर. पाच ओळी झाल्या होत्या. दोन राहिल्या होत्या.

मी म्हटलं, "थांब."

ती थांबली नाही. सहावी ओळ सुरू केली.

"थांब. हे इथे लिहिलेलं नाही."

आता ती थांबली. मी कार्डावरच्या पहिल्या अक्षरावर पेनचं टोक ठेवलं. "हे कोणतं अक्षर?"

तिचं बोट अजून सहाव्या ओळीखालीच होतं.

"हे?"

ओट्यावर कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं.

बापाने भिंतीपासूनच विचारलं, "काय झालं, मॅडम? बोलली तर खरी एवढं."

"तिने पाठ केलेलं म्हटलं. कार्डावर दुसरं आहे."

"मंग काय बोलली ती? शिव्या दिल्या का आमाला?" पुरुष हसले. कोणी म्हणालं, "तुझ्या म्हशीची तारीफ केली." पुन्हा हशा. मी सांगितलं, गायीबद्दल बोलली. मग तर मोठाच हशा झाला. त्यात बायकाही होत्या, आणि वर्गातली पोरंही. बाप हसणं थांबवून म्हणाला, "दोन साल शाळेत ठिवली तर गाय घेऊन आली."

मी तिला घेऊन वर्गात गेले. तक्ता दारासमोरच होता, त्यामुळे बाहेरून सगळ्यांना दिसत होता. तिच्या क्रमांकापुढची हिरवी टिकली नखाने काढली. गोंद वाळला होता. टिकली निघाली तशी थोडा कागदही निघाला. त्या जागेवर लाल लावली. चूक सापडली की तिथेच दुरुस्त करायची, पुढे ढकलायची नाही, असं मी शिक्षकांना सांगत आले होते.

बाप दारात येऊन बघत होता. "टिकली लावायला शाळा काहून पायजे मॅडम?" तो शांतपणे म्हणाला. "टिकली आमी बी लावून देतो. लग्नात."

आई ओट्यावरून उठली, आली, आणि बाळ पोरीच्या हातात दिलं. पोरीने ते कडेवर घेतलं. तिघं गेली. चौथं कडेवर.

मी मेळावा थांबवला नाही. माणसं पांगल्यावर उरलेल्या अकरा मुलींना एकेक करून नवं कार्ड दिलं. नऊजणींना हिरव्या टिकल्या होत्या. त्यांतल्या आठजणींना पहिला शब्दही वाचता आला नाही. मग मुलं घेतली. मुलांचं जवळपास जसंच्या तसं राहिलं. लालवाले लाल, पिवळेवाले तोच तो एखादा शब्द ओळखणारे, हिरवे चौघे खरेच हिरवे.

सर चहाचे पेले गोळा करत होते. मी विचारलं, "मुलींचंच कसं झालं हे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी गंमत करतेय का ते पाहण्यासाठी. "हजेरी पोरायपासून असती ना, मॅडम. एकोणीस पोरं वाचस्तोवर पोरी लायनीत उभ्या. मागची पोरं दंगा करतेत, पोरी कान देऊन ऐकतेत. वाचणाऱ्या पोराकडून चुकलं तर तुमी नीट करून घेता, 'काउ म्हण, काउ.' एकोणीस बार ऐकल्यावर म्हशीला बी पाठ व्हईल. आन ही तर मनावर घेतलं की दोनदा ऐकून म्हणती. होळीला गाणे म्हणायला हिलाच पुढं करतेत."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक म्हंजी काय. हिरव्या टिकल्या आल्या, तुमी खुश. तुमी खुश तर मी खुश. पोरगी घरी राहून राहिली. कोणाला तकलीफ हुती?"

"मला सांगायला हवं होतं."

"तुमी इचारलं कधी? तुमी येता, रकाने भरता, गाडीला किक मारता." पेले त्यांनी बादलीत टाकले. "आन आज तरी काहून थांबवली? पुऱ्या तांड्यात कोणाला समजलं असतं?"

"मला समजलं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "ते हाय."

घरी येऊन मी फाइल काढली. अकरा शाळा, सगळीकडे हजेरी मुलांपासून. सगळीकडे रांग व्हरांड्यात, सगळीकडे तेच कार्ड. 'मुलींची आघाडी' म्हणजे ही रांग होती. ज्या शाळेत मुलांची संख्या जास्त, तिथे मुलींची आघाडी जास्त. तक्त्यात ते स्वच्छ दिसत होतं, मी आजवर तसं बघितलं नव्हतं. आणखी एक दिसलं. ज्या मुलींना हिरवी दिली त्या सगळ्यांना मी जादा तासातून काढलं होतं. ही पोरगी त्या तासाबाहेर वर्षभर होती. तिला जे येत नव्हतं ते शिकवण्याची एकच सोय शाळेत होती, आणि ती मी बंद केली होती.

तिच्या ओळीत मी दुरुस्ती केली, तारीख घातली, सही केली. त्या शाळेच्या आठजणींचीही केली. उरलेल्या दहा शाळांकडे त्या महिन्यात गेले नाही. तालुक्याला पाठवलेला अहवाल तसाच राहिला. शाल कपाटात होती.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी ट्रक आला. मी त्या दिवशी शाळेतच होते, रस्ता शाळेवरून जातो. भांडी, गोधड्या, सरपण, वर माणसं. ती कडेला बसली होती, बाळाला ओढणीत बांधून. वर्गातल्या पोरांनी खिडकीतून ओरडायला सुरुवात केली. "ए गाय! ए गाय चालली!" सरांनी फळ्यावर डस्टर आपटलं. तिने ऐकलं असणार, ट्रक हळू होता. मी तक्त्यावर तिच्या क्रमांकापुढे 'स्थ' लिहिलं. स्थलांतरित. लाल टिकली काढली नाही, कारण स्तर तोच होता.

संक्रांतीपर्यंत मी चाचणीची पद्धत बदलली. आता दार लावून, आत एकच मूल, रांग नाही, दर वेळी नवं कार्ड. अकराही शाळांत मुली घसरल्या. तालुक्याहून विचारणा आली, कारण कळवा. मी उत्तराचा मसुदा तीनदा केला. पहिल्यात सगळं खरं लिहिलं होतं, दीड पान झालं. शेवटी जे पाठवलं त्यात दोन शब्द होते, 'हंगामी स्थलांतर.' कारणांच्या यादीत ते छापलेलंच असतं, खूण करायची. त्या तांड्याच्या बारा मुलींतल्या फक्त तिघी गेल्या होत्या, आणि बाकीच्या बऱ्याच शाळांतून कोणीच नाही. कोणी मोजलं नाही. मोजणारी मीच होते. पुढच्या बैठकीत साहेब म्हणाले, पालकांनाच लेकरांची पडलेली नाही तर बाईंनी किती करायचं?

होळीनंतर ती परत आली. वार्षिक परीक्षेच्या आधी माझी शेवटची चाचणी असते. तिचा क्रमांक आल्यावर ती व्हरांड्यात येऊन इकडेतिकडे बघायला लागली. रंग उन्हाने करपला होता, हातांवर उसाच्या पाचटाचे बारीक ओरखडे होते.

"लाइन कुठं हाय, मॅडम?"

"लाइन नाही आता. एकेकाने आत यायचं. दार लाव."

तिने दार लावलं. मी कार्ड दिलं आणि घड्याळ लावलं. तिने बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. ओठ हलले नाहीत. बाहेर पोरं ओरडत होती. अर्धं मिनिट गेलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी एकदा वाचून दाखवता का? एकदाच. मंग मी वाचते."

मला माहीत होतं की ती वाचेल. एकदा ऐकून सातही ओळी म्हणेल, स्वल्पविरामासकट.

"तसं चालत नाही," मी म्हटलं.

"बरं." तिने कार्ड उलटं करून बघितलं, मागे काही आहे का ते. मागे कोरं होतं. कार्ड टेबलावर ठेवून तिने विचारलं, "मंग पुढचीला पाठवू?"

मिनिट व्हायला अजून दहा-बारा सेकंद होते. मी म्हटलं, "पाठव."